रेडिओलॉजीतही रुग्ण भेटतो

संपादक महोदय,

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की वरच्या क्रमांकांच्या विद्यार्थ्यांनी रेडिओलॉजी (सोनोग्राफी, सीटी, एमआरआय यांच्या चित्रांवरून निदान करणारी शाखा) घेतल्याची बातमी वर्तमानपत्रांत हमखास येते आणि तिच्यासोबत येणारी कारणेही आता सगळ्यांना पाठ झाली आहेत. रात्री-अपरात्री धावपळ नाही, नातेवाइकांशी हुज्जत नाही, कोणी अंगावर धावून येण्याची भीती नाही. वातानुकूलित खोलीत संगणकापुढे बसून रिपोर्ट द्यायचे आणि वेळेवर घरी जायचे. हे सगळे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. निवासी डॉक्टरांना मारहाण झाल्याच्या बातम्याही याच वर्तमानपत्रांत येतात, तेव्हा मुलांनी असा हिशेब केला तर त्यांना बोल लावणे कठीण आहे. मात्र या चित्रामुळे एका वेगळ्या विद्यार्थ्याची पंचाईत होते. त्याला किंवा तिला चित्रावरून निदान करण्याची मनापासून आवड असते, पण माणसांशी बोलल्याशिवाय दिवस गेल्यासारखा वाटत नाही आणि हातांनाही काही काम हवे असते. असे विद्यार्थी एकतर या शाखेकडे फिरकत नाहीत, किंवा गुण चांगले पडले म्हणून येतात आणि दुसऱ्या वर्षाला अस्वस्थ होतात. नागपुरात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करताना आणि रेसिडेंट मुलामुलींच्या बरोबर बसताना मी हे वारंवार पाहत आले आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

या मुलांच्या मनात पर्याय दोनच असतात. एक म्हणजे आयुष्यभर रिपोर्टिंग आणि दुसरा म्हणजे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी, म्हणजे चित्र पाहत शरीरात सुई किंवा नळी घालून उपचार करणे, ज्याला सगळे आयआर म्हणतात. रुग्ण हवा, सुई हातात हवी, तर आयआरलाच गेले पाहिजे, अशी समजूत होऊन बसली आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की या दोन टोकांच्या मध्ये मोठा प्रदेश आहे, थोडा रुग्णसंपर्क आणि थोडे हाताचे काम मागणाऱ्याची सोय तिथे अधिक चांगली होते आणि विदर्भातल्या रुग्णांची गरजही बऱ्याच अंशी तिथलीच आहे.

या गैरसमजाचे एक कारण असे की मुले आता सल्ला इंटरनेटवर शोधतात आणि तो बहुतांशी अमेरिकेतला असतो. तिकडे सोनोग्राफीचा प्रोब हातात धरणारी व्यक्ती सहसा प्रशिक्षित तंत्रज्ञ असते. डॉक्टर नंतर प्रतिमा पाहून रिपोर्ट करतो. त्यामुळे तिथल्या रेडिओलॉजिस्टने ‘मला रुग्ण भेटत नाही’ असे म्हटले तर ते खरे असते. आपल्याकडे सोनोग्राफी डॉक्टर स्वतः करतो. मेडिकल आणि मेयो ही नागपूरची सरकारी रुग्णालये असोत की धंतोलीतले एखादे लहानसे सेंटर, सकाळी रिकाम्या पोटी किंवा लघवी धरून बसलेल्या रुग्णांची रांग असते आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या अंगाला रेडिओलॉजिस्टचा हात लागतो. कुठे दुखते हे तो बोटाने दाखवतो, प्रोब तिथे दाबला की चेहरा आक्रसतो आणि त्या चेहऱ्यावरून पित्ताशयाला सूज आहे की नाही याचा अर्धा निवाडा होतो. असे दिवसभर करणाऱ्या माणसाला ‘रुग्णापासून दूर’ म्हणणे मला तरी पटत नाही. गर्भवतींच्या सोनोग्राफीत तर संपर्क याहून नाजूक असतो. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे एफ फॉर्मचे रकाने बिनचूक भरावेच लागतात (त्यात जाणारा वेळ पाहून नवे डॉक्टर कुरकुरतात, पण या कायद्याची गरज का पडली हे आपल्या राज्याला वेगळे सांगायला नको), आणि फॉर्म भरून झाल्यावर समोरच्या बाईला बाळाचे ठोके लागत नाहीत हे सांगण्याची वेळही कधीकधी त्याच डॉक्टरवर येते.

आता आयआरविषयी थोडे स्पष्ट लिहिते, कारण तिथे आकर्षण जास्त आणि माहिती कमी आहे. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने, पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली अरुंद झालेली धमनी, कातडीतून आत सरकवलेल्या नळ्यांनी रुंद केली आणि पाय वाचला. तेव्हापासून या शाखेने जे मिळवले ते थक्क करणारे आहे. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर क्षयरोग बरा होऊन गेलेल्या पण फुफ्फुसात पोकळी राहिलेल्या माणसाला एके दिवशी खोकल्यातून भडाभडा रक्त पडते. अशा वेळी जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी श्वासनलिकेच्या धमनीपर्यंत नेऊन ती धमनी बंद केली तर रक्त बहुधा तिथल्या तिथे थांबते. मात्र त्याच परिसरातून मणक्यातल्या मज्जारज्जूला रक्त पुरवणारी बारीक धमनीही निघू शकते आणि ती चुकून बंद झाली तर माणसाचे दोन्ही पाय जातात. म्हणजे नळी घालण्याच्या कौशल्याइतकीच ती केव्हा घालायची नाही हे ठरवण्याची जबाबदारीही त्याच डॉक्टरची. आयआर करणाऱ्याला स्वतःची ओपीडी लागते, वॉर्डात राऊंड लागतो, संमतीपत्र घेताना धोके स्वतः समजावावे लागतात आणि रात्री रक्तस्राव झाला की स्वतः यावे लागते. कर्करोगाने पित्तनलिका बंद झालेल्या रुग्णाला पोटातून नळी टाकून पिशवी लावली, की ती नळी तुंबणे, सरकणे, थंडी वाजून ताप येणे या सगळ्यासाठी तो रुग्ण तुमचा होतो. शिवाय अंगावर काही किलोंचा लेड ॲप्रन चढवून तासन्‌तास उभे राहायचे असते, छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज असतो आणि पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट, त्यातही कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, अशी मर्यादा आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने घालून दिलेली आहे. पाठदुखी ही या मंडळींची नेहमीची तक्रार. एमडीनंतर नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन डीएम ही वरची पदवी करायची म्हणजे आणखी तीन वर्षे जातात. हे सगळे ज्याला हवे आहे त्याने जरूर जावे, विदर्भाला अशी माणसे हवीच आहेत. पण ज्याला रुग्णसंपर्क ‘थोडा’ हवा आहे त्याने आयआर घेणे ही फसवणूक ठरेल, आणि फसगत त्याची एकट्याची होणार नाही.

मेंदूच्या इंटरव्हेन्शनचे तर त्याहून कडक. रक्ताची गुठळी मेंदूच्या मोठ्या धमनीत अडकून पक्षाघात झाला तर ती नळीने ओढून काढण्याचा फायदा २०१५ साली लागोपाठ प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी सिद्ध केला आणि २०१८ मध्ये निवडक रुग्णांसाठी गुठळी काढण्याची मुदत २४ तासांपर्यंत लांबली. यातला रुग्ण बहुधा बोलू शकत नाही. बोलावे लागते ते मध्यरात्री धास्तावलेल्या मुलाशी किंवा सुनेशी, आणि तेही दोन मिनिटांत.

मधला जो प्रदेश म्हणते त्यात माझ्या मते पहिला मान स्तनांच्या इमेजिंगचा. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हा स्तनाचा आहे आणि आपल्याकडे मॅमोग्राफीची (स्तनांच्या एक्स-रेची) देशव्यापी तपासणी मोहीम नाही, त्यामुळे पाश्चात्त्य देशांत जशा निरोगी बायका नियमित तपासणीला येतात तशा इथे येत नाहीत. इथे बाई गाठ हाताला लागल्यावर येते, पुष्कळदा ती लागून बरेच महिने झाल्यावर. गोंदियाकडून किंवा गडचिरोलीकडून पहाटेची गाडी धरून आलेली बाई मॅमोग्राफीच्या यंत्रापुढे उभी राहते तेव्हा तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “मॅडम, खराब गाठ तं नाही नं?” या प्रश्नाला त्या क्षणी खरे आणि तरीही माणुसकीचे उत्तर काय द्यायचे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात धड शिकवलेले नाही. स्तनांच्या तपासणीचा रिपोर्ट देण्याच्या बायरॅड्स या वर्गवारीत तिसऱ्या पायरीचा अर्थ कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून अधिक नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, असा होतो. चौथी पायरी मात्र दोन टक्क्यांपासून पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत पसरलेली आहे. तेव्हा ‘चार’ हा आकडा लिहून कागद हातात देणाऱ्या डॉक्टरने त्या बाईला खरे तर काहीच सांगितलेले नसते.

मग बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणे. सोनोग्राफीवर गाठ दिसते आहे, कातडी स्वच्छ केली आहे, भूल देणारे इंजेक्शन दिले आहे, आणि चौदा गेजची सुई गाठीच्या कडेला टेकली आहे. इथे अनुभवी डॉक्टर थांबतो आणि बायोप्सी गनचा आवाज आधी हवेत करून ऐकवतो, कारण तो ‘खट्’ आवाज अचानक झाला की बाई दचकते आणि सुई हलते. नंतर फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडलेला तुकडा बुडतो की तरंगतो हे पाहायचे. तरंगला तर तो बहुधा नुसती चरबी आहे, पुन्हा घ्यावा लागेल. तुकडे घेऊन झाले की दहा मिनिटे जागा दाबून धरायची असते. हे काम नर्सवर सोपवता येते, पण मी रेसिडेंटना ते स्वतः करायला सांगते, कारण एरवी न सांगितलेल्या गोष्टी बायका त्याच दहा मिनिटांत सांगतात: आईला काय झाले होते, घरी कोणाला कळवलेले नाही, शस्त्रक्रियेला नवरा तयार होईल की नाही. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आल्यावर काम संपत नाही. चित्र कर्करोगाचे दिसत होते आणि रिपोर्ट ‘साधी गाठ’ म्हणतो, असे झाले तर सुई नेमक्या जागी गेली नाही असे धरून पुन्हा बायोप्सी करण्याचा आग्रह रेडिओलॉजिस्टनेच धरायचा असतो. निदान, हात आणि बोलणे हे तिन्ही इतक्या समतोलाने दुसऱ्या कुठल्या उपशाखेत एकत्र येत असेल असे मला वाटत नाही, आणि रात्रीची ड्युटीही तिथे क्वचितच लागते. पुरुष डॉक्टरांनी हे क्षेत्र आपले नाही असे समजू नये. खोलीत स्त्री परिचारिका असली आणि बोलण्यात अदब असली की पुरेसे होते.

सांधे आणि स्नायूंच्या इमेजिंगचे काम यापेक्षा मोकळ्या वातावरणातले आहे. रुग्ण बहुधा धडधाकट असतो, खांदा वर जात नाही किंवा टाच टेकवत नाही एवढीच तक्रार असते. खांद्याच्या स्नायूबंधात चुन्यासारखा साका जमला असेल तर सोनोग्राफीखाली सुईने तो धुऊन काढता येतो. मनगटात दबलेल्या नसेभोवती द्रव सोडून ती मोकळी करता येते. हाडातली ऑस्टिऑइड ऑस्टिओमा नावाची लहानशी, रात्री झोप उडवणारी गाठ सीटीच्या साहाय्याने सुई घालून उष्णतेने जाळता येते. इथे आवर्जून एक सावधगिरी सांगायची तर हेच काम अस्थिरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि फिजिकल मेडिसिनची मंडळीही करतात, त्यामुळे नुसते इंजेक्शन देता येते म्हणून रुग्ण येत नाहीत. इंजेक्शन कशासाठी हे आधी अचूक सांगता यावे लागते.

लहान मुलांच्या रेडिओलॉजीकडे नागपूरच्या विद्यार्थ्यांनी अधिक लक्ष द्यावे असे मला फार वाटते. आतड्यात आतडे शिरून बसलेले वर्षाच्या आतले बाळ पाय पोटाशी घेऊन कळवळते, मध्येच शांत होते, पुन्हा किंचाळते. गुदद्वारातून कोमट सलाइन हळूहळू सोडत सोनोग्राफीवर त्या शिरलेल्या आतड्याला मागे सरकताना पाहायचे, शेवटी द्रव लहान आतड्यात धावलेला दिसला की काम फत्ते. बालशल्यचिकित्सक शेजारी तयार असावाच लागतो, कारण आतडे फाटले तर वेळ नसतो. पण जमले की ऑपरेशन टळते. दुसरे उदाहरण तर खास आपल्या भागाचे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांना पक्षाघाताचा धोका असतो आणि कानशिलावर प्रोब ठेवून मेंदूच्या मोठ्या धमन्यांतला रक्ताचा वेग मोजला तर तो धोका आधी ओळखता येतो. हा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यास पक्षाघात मोठ्या प्रमाणात टळतो हे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासाने दाखवून दिले. ही तपासणी दोन ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी दर वर्षी करायची असते, तिला महागडे यंत्र लागत नाही, किरणोत्सर्ग नाही. लागतो तो मुलाला दहा-पंधरा मिनिटे न रडता झोपवून ठेवू शकणारा डॉक्टर. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण किती आहेत हे इथल्या बालरोगतज्ज्ञांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

पोटाच्या इमेजिंगमध्ये यकृतातला गळू सुईने रिकामा करणे, किडनीवर दाब आला असता नळी टाकणे, गाठींच्या बायोप्सी अशी कामे असतात. तांबूस-चॉकलेटी पू पिगटेल नळीतून पिशवीत उतरतो आणि दुसऱ्या दिवशी ताप खाली आलेला माणूस उठून बसलेला दिसतो, याचे समाधान कोणत्याही एमआरआय रिपोर्टला नाही. हे काम बहुतेक रेडिओलॉजिस्ट थोडेफार करतातच आणि त्यासाठी वेगळी पदवी लागत नाही.

पैशाचा विषय टाळून चालणार नाही. एका बायोप्सीला बोलणे, संमती, सुई आणि नंतरचा दाब धरून अर्धा-पाऊण तास जातो. तेवढ्या वेळात एमआरआयचे दोन-तीन रिपोर्ट हातावेगळे होतात आणि त्यांतून सेंटरला उत्पन्न जास्त मिळते. म्हणून खासगी सेंटरचा मालक नव्या डॉक्टरला सुईपेक्षा संगणकापुढे बसवणे पसंत करतो. नोकरी स्वीकारताना आठवड्यातला किती वेळ सुई-नळीच्या प्रक्रियांसाठी राखीव असेल हे स्पष्ट विचारून घ्यावे, तोंडी आश्वासनावर राहू नये. दुसरे असे की रेडिओलॉजिस्टकडे रुग्ण दुसऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीने येतो आणि त्या चिठ्ठीमागे काही ठिकाणी कोणता व्यवहार असतो हे सर्वांना ठाऊक आहे. हाताच्या कामावर नाव झालेल्या डॉक्टरला त्या व्यवहारापासून दूर राहणे थोडे सोपे जाते, हे मी आजूबाजूला पाहिले आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता रिपोर्टिंग गिळून टाकील या भीतीने प्रक्रियांकडे वळणाऱ्यांनाही एवढेच सांगेन की भीतीपोटी निवडलेल्या कामात मन रमत नाही. सुई आवडत असेल तरच हातात घ्यावी.

ती आवडते की नाही हे एमडीच्या तीन वर्षांतच कळू शकते, पण त्यासाठी संधी मिळायला हवी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांनुसार प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. रेडिओलॉजीचे बरेच रेसिडेंट या तीन महिन्यांकडे शिक्षा म्हणून पाहतात, अभ्यासाला मोकळा वेळ म्हणूनही काही जण पाहतात. वास्तविक भंडारा, गोंदिया किंवा गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफीच्या खोलीत बसणाऱ्या रेसिडेंटला मुख्य कॉलेजात वरिष्ठांच्या गर्दीत न मिळणारे काम तिथे मिळू शकते. नागपुरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांना माझी विनंती आहे की त्यांनी या तीन महिन्यांसाठी रेसिडेंटच्या लॉगबुकात स्वतः केलेल्या सुईच्या कामांचे वेगळे पान ठेवावे, त्यावर तिथल्या शल्यचिकित्सकाची सही घ्यावी, आणि मुख्य कॉलेजात परतल्यावर निदान आठवड्यातून एकदा रेसिडेंटला शल्यचिकित्सा विभागाच्या स्तन ओपीडीत बसवावे. आणि आपल्या वार्ताहरांना विनंती अशी की पुढच्या प्रवेशफेरीच्या वेळी पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याची मुलाखत घेताना रेडिओलॉजी का निवडली एवढ्यावर न थांबता त्यांनी तिच्यातली कोणती उपशाखा घेणार, हेही विचारावे.

आपली विश्वासू,
एक रेडिओलॉजिस्ट, रामदासपेठ, नागपूर